बॉम्बे बीच: नकाशावर गाव आहे, नगरपालिका नाही, मग त्याचा इतिहास वाचायचा कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात साल्टन सी या सरोवराच्या पूर्व काठावर बॉम्बे बीच नावाची दोन-अडीचशे माणसांची वस्ती आहे. तिला नगरपालिका नाही, महापौर नाही, तरी जनगणनेत तिची लोकसंख्या स्वतंत्र छापून येते. ही वस्ती तिथे कशी आली, ओसरली का, आणि तिच्यावर भूगोलाचा प्रकल्प करायचा तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात माणसांपासून करू नका, पाण्याच्या पातळीपासून करा. या वस्तीची जमीन समुद्रसपाटीखाली सुमारे २२३ फूट, म्हणजे ६८ मीटर आहे. ती तिथेच आहे. पाणी मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत तिच्या वर गेलं, खाली गेलं, परत दाराशी आलं आणि आता पुन्हा लांब गेलं. वस्तीच्या इतिहासातल्या जवळजवळ प्रत्येक वळणाचं कारण या फरकात सापडतं. नावाचा मात्र फार विचार करू नका. आपल्या मुंबईतून कोणी तिथे जाऊन गाव वसवलं, असं काही नाही.

आधी खोलगट भाग समजून घ्या. सरोवर ज्यात आहे तो साल्टन सिंक हा अंतर्गत निचऱ्याचा खळगा आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीखाली साधारण २७७ फुटांवर आणि बाहेर पडायला वाट नाही. कोलोराडो नदीने आपल्या गाळाने कॅलिफोर्नियाच्या आखाताचं वरचं टोक आडवं भरून काढलं, म्हणून समुद्र आत येत नाही. नदीचा प्रवाह मात्र त्या गाळाच्या पंख्यावरून कधी आखाताकडे, कधी या खळग्याकडे वळायचा. वळला की खळगा समुद्रसपाटीच्या वर सुमारे ४० फुटांपर्यंत भरायचा आणि मग ओसंडून आखाताकडे जायचा. हेच प्राचीन काहुइया सरोवर. ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात शेवटचं भरलं होतं. पश्चिमेच्या डोंगरपायथ्याला खडकांवर त्याच्या पाण्याची पांढुरकी रेघ आजही स्पष्ट दिसते, आणि पाणी टप्प्याटप्प्याने उतरत गेलं तसे इथल्या मूळनिवासी काहुइया लोकांनी एकाखाली एक रचलेले मासे धरायचे दगडी सापळेही तिथे आहेत. या काठची वस्ती पहिल्यापासूनच सरकती होती. पाण्यामागे माणसं उतरायची, पाणी आलं की चढायची. घोळ झाला तो लोकांनी जमिनीचे कायमचे तुकडे पाडून विकायला घेतले तेव्हा.

आजचं सरोवर माणसाच्या चुकीतून झालं. इम्पीरियल खोऱ्यातल्या नव्या शेतीला पाणी देणाऱ्या कॅलिफोर्निया डेव्हलपमेंट कंपनीचा कालवा गाळाने भरत होता. १९०४ च्या शरद ऋतूत कंपनीने मेक्सिकोच्या हद्दीत नदीला थेट नवी वाट पाडली, पण तिच्यावर पाणी रोखायचा पक्का दरवाजा बसवला नाही. १९०५ च्या पुरांनी ती वाट रुंदावली आणि जवळजवळ सगळी कोलोराडो खळग्यात शिरली. तळाशी १८८४ पासून चाललेला मिठाचा कारखाना बुडाला. सदर्न पॅसिफिक रेल्वेला रूळ पुन्हा पुन्हा वरच्या अंगाला सरकवावे लागले. शेवटी रेल्वेनेच वाघिणी भरभरून दगड ओतला. नोव्हेंबर १९०६ मध्ये बुजवलेली फट डिसेंबरात परत फुटली आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये कायमची बंद झाली. टोरेस-मार्टिनेझ काहुइया समाजाच्या राखीव जमिनीतले सुमारे ११,००० एकर या पाण्याखाली गेले आणि त्याच्या भरपाईचा कायदा व्हायला २००० साल उजाडलं. काठचा इतिहास लिहिताना लोक थेट पन्नासच्या दशकातल्या बोटींपासून सुरुवात करतात आणि हा भाग गाळतात. तो गाळू नका.

आता आकडे. सगळे समुद्रसपाटीखालचे आणि ढोबळ आहेत: १९०७ मध्ये पाणी १९५ फुटांवर. विसाच्या दशकात उतरून २५० च्या आसपास. १९५० च्या सुमारास २४०, १९६० ला २३४, १९८० ला २२८, नव्वदच्या दशकात २२६ ते २२७. २००० नंतर घसरण, आणि आता पुन्हा २४० च्या आसपास. यांच्याशेजारी वस्तीची २२३ ची पातळी मांडा. १९०७ मध्ये आज जिथे घरं आहेत तिथे २८ फूट पाणी होतं. १९५० मध्ये पाणी वस्तीच्या १७ फूट खाली होतं. १९८० मध्ये अंतर उरलं फक्त ५ फूट, आणि वाऱ्याच्या लाटा त्यातलाही हिस्सा खातात. आज आपण फिरून १९५० च्या जागी आलो आहोत. फरक एवढाच की तेव्हा पाणी चढतं होतं, आता उतरतं आहे.

नदी बंद झाल्यावर पाणी आटायला हवं होतं. इथे पाऊस वर्षाला जेमतेम ७५ मिलिमीटर आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर. मोकळ्या पाण्यातून वर्षाला पावणेसहा फुटांच्या आसपास बाष्पीभवन होतं. सरोवर भरलेलं असताना हे जवळपास १३ लाख एकर-फूट व्हायचं (एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभं पाणी). आपल्या मापात साधारण ५७ टीएमसी, म्हणजे कोयनेच्या साठ्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी दरवर्षी हवेत. ही तूट भरून काढली ती शेतीच्या निचऱ्याने. इम्पीरियल आणि कोचेला खोऱ्यांत शेत भिजवल्यावर मुळांपाशी साचलेलं मीठ धुवायला जादा पाणी सोडतात. ते जमिनीखालच्या नळ्यांतून चरात, चरातून न्यू आणि अलामो नद्यांत आणि तिथून सरोवरात येतं. शेती वाढली तसं पाणी चढलं. हे अपघाताने झालं नाही, कागदावर ठरवून झालं: १९२४ मध्ये संघराज्य सरकारने २४४ फुटांखालची सरकारी जमीन निचऱ्यासाठी राखून ठेवली आणि १९२८ मध्ये ती रेषा २२० फुटांपर्यंत वर आणली.

इथे थांबून दोन आकडे एकत्र वाचा. निचऱ्याच्या साठ्याची रेषा २२०, वस्ती २२३. म्हणजे सरकारने सांडपाण्यासाठी धरलेल्या पातळीच्या तीन फूट खाली लोकांना घरांसाठी भूखंड विकले गेले. हे बेकायदा नव्हतं, कारण तो आदेश फक्त सरकारी जमिनीला लागू होता. मधले खासगी तुकडे तसेच राहिले. पण सत्तरच्या दशकात वस्तीचा काही भाग बुडाला (ते पुढे येईल), त्याला निव्वळ नैसर्गिक आपत्ती म्हणणाऱ्या लेखावर माझा तरी विश्वास बसत नाही.

वस्तीचा भरभराटीचा काळ पन्नास आणि साठच्या दशकांचा. १९५० च्या सुमारास राज्याच्या मत्स्य खात्याने आखातातून कोर्विना, क्रोकर, सार्गो हे मासे आणून सोडले आणि ते रुजले. १९५५ मध्ये काठावर राज्याचं उद्यान झालं. पश्चिमेला जमीन विकासक एम. पेन फिलिप्स यांनी १९५८ मध्ये साल्टन सिटीची अवाढव्य आखणी विकायला काढली, तर उत्तरेला १९५९ मध्ये आल्बर्ट फ्राय यांनी आरेखन केलेला यॉट क्लब उघडला. बॉम्बे बीच या थाटापासून लांब, कमी पैशांत हिवाळा काढणाऱ्यांचं आणि गळ टाकणाऱ्यांचं ठिकाण होतं. आखणीवरूनच ते कळतं: राज्य महामार्ग १११ वरून आत वळलं की लहान लहान भूखंडांची चौकटबंद जाळी, एका दिशेला इंग्रजी अक्षरांचे अ‍ॅव्हेन्यू, दुसऱ्या दिशेला क्रमांकांच्या स्ट्रीट, आणि घरांत चाकांवरची घरं भरपूर. जाता जाता: १९५६ च्या निवडणुकीत याच इम्पीरियल आणि रिव्हरसाइड काउंट्यांच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मतदारसंघातून दलीपसिंग सौंद अमेरिकेच्या संसदेत गेले. ते मूळचे अमृतसर जिल्ह्यातले, सरोवराच्या दक्षिणेला वेस्टमोरलंडला शेती करणारे. ज्या शेतांचा निचरा सरोवर भरत होता, त्यांतली काही पंजाबी शेतकऱ्यांची होती.

मग सप्टेंबर १९७६ मध्ये कॅथलीन आणि ऑगस्ट १९७७ मध्ये डोरीन ही दोन उष्णकटिबंधीय वादळं या कोरड्या खोऱ्यात घुसली. पातळी आधीच चढलेली होती, त्यात हे पाणी. किनाऱ्याकडच्या ओळी बुडाल्या आणि राहिलेल्या वस्तीसाठी पाण्याच्या बाजूला मातीचा बांध घातला गेला. आजची वस्ती म्हणजे बांधाच्या आतला भाग. बांधाबाहेरची पट्टी सोडून दिली गेली. पडक्या ट्रेलरांची जी छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील त्यांतली बहुतेक तिथली. छायाचित्र वापरताना ते बांधाच्या आतलं की बाहेरचं हे आधी ठरवा. बाहेरचं छायाचित्र दाखवून वस्ती ओस पडली असं लिहिणं ही या विषयातली सर्रास होणारी चूक आहे. आत लोक राहतात, वीजबिलं भरतात.

पाण्याची प्रत त्याच सुमारास बिघडत गेली. बाहेर वाट नसलेल्या सरोवरात पाणी उडून जातं, मीठ राहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं; इथे २००० च्या आसपास ते ४४ होतं, आता ७० च्या वर आहे. खतांमुळे शेवाळ माजतं, ते कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे एकाच वेळी लाखोंनी मरतात. ऑगस्ट १९९९ मधल्या एका लाटेत सुमारे ७६ लाख मासे मेल्याची नोंद आहे. पुढे २००३ चा पाणीवाटप करार झाला. त्यानुसार इम्पीरियल इरिगेशन डिस्ट्रिक्ट या खोऱ्याच्या पाटबंधारे संस्थेने सान डिएगोला टप्प्याटप्प्याने वर्षाला २ लाख एकर-फूट, म्हणजे साधारण ८.७ टीएमसी पाणी द्यायचं ठरलं. शेतातली उधळपट्टी वाचवून हे पाणी काढायचं होतं, पण ती उधळपट्टी हेच सरोवराचं उत्पन्न होतं. झळ कमी व्हावी म्हणून १५ वर्षं सरोवरात भरपाईचं पाणी सोडलं गेलं. ते ३१ डिसेंबर २०१७ ला थांबलं. २०१८ नंतर काठ झपाट्याने मागे गेला.

किती मागे, हे उतारावर ठरतं. समजा काठाचा उतार १०० फुटांना १ फूट आहे; मग पातळी १२ फूट उतरली की किनारा १,२०० फूट सरकतो. उतार आणखी मंद असेल तर त्या हिशेबात आणखी लांब. म्हणून दक्षिणेच्या सपाट टोकाला मैलभर तळ उघडा पडलेला दिसतो आणि चढ असलेल्या काठावर तीच घसरण डोळ्यांत भरत नाही. पातळीच्या आलेखाला उताराचा नकाशा जोडल्याशिवाय कोणत्या वस्तीला जास्त फटका बसला हे सांगू नका.

आता प्रत्यक्ष काम. पाण्याच्या पातळीसाठी अमेरिकन भूसर्वेक्षण खात्याचं वेस्टमोरलंडजवळचं मापन केंद्र आहे, क्रमांक १०२५४००५. त्याची मालिका घेताना आधारपातळी, म्हणजे उंचीचं शून्य कुठे धरलं आहे, ते बघाच. जुने आकडे आणि नकाशे १९२९ च्या आधारपातळीवर आहेत, नवी लायडार (लेसर किरणांनी केलेली) मोजणी १९८८ च्या. या भागात दोन्हींत सुमारे २ फुटांचा फरक पडतो. इतरत्र तो किरकोळ वाटेल. इथे १९८० मध्ये वस्ती आणि पाणी यांतलं अंतरच ५ फूट होतं, त्यामुळे आधारपातळ्यांची सरमिसळ झाली तर कोरडी घरं बुडालेली दिसतील किंवा उलट. वर दिलेले ढोबळ आकडे आराखडा समजायला आहेत. आलेख काढताना मूळ मालिकाच घ्या.

जागेवर जाणार असाल तर जुन्या धक्क्यांचे लाकडी खांब बघा. पाणी एका पातळीला बराच काळ टिकलं की तिथे शिंपल्यासारख्या बार्नेकलांचा जाड पट्टा बसतो. भराभर उतरलं असेल तर मिठाच्या पातळ रेघा एकाखाली एक दिसतात. पट्ट्याची उंची ज्ञात खुणेपासून मोजली तर मापनकेंद्राच्या आलेखाशी ताडता येते. बार्नेकल मूळचे इथले नाहीत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाच्या सामानाबरोबर आले. किनाऱ्यावर जी पांढरी वाळू दिसते ती बरीचशी त्यांची मोडकी कवचं आणि माशांची हाडं आहेत. पायाखाली करकरते, आणि पाण्याजवळ वरचा कडक पापुद्रा फुटून पाय आतल्या काळ्या चिखलात घोट्यापर्यंत जातो. वाहन त्यावर नेऊ नका.

जमिनीच्या कागदांसाठी एक तारीख पाठ असू द्या: इम्पीरियल काउंटी १९०७ मध्ये झाली, त्याआधी हा भाग सान डिएगो काउंटीत होता. त्यामुळे जुने दस्त सान डिएगोत आणि नंतरचे एल सेंट्रोला काउंटी रेकॉर्डरकडे. नोंदवलेला आखणी नकाशा आणि करआकारणीचा भूखंड नकाशा, दोन्ही काढा. आखणी नकाशात विकायला काढलेले सगळे तुकडे दिसतात, बांधलेली घरं नव्हे. करआकारणीच्या नकाशात भूखंड आहे म्हणजे तिथे जमीन कोरडी आहे असंही नाही. पाण्याखालच्या तुकड्यांनाही क्रमांक असतात. घरं खरोखर कुठे होती हे जुन्या हवाई छायाचित्रांवरूनच कळतं. प्रत्येक छायाचित्राची तारीख आणि त्या महिन्याची पातळी कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर दहा वर्षांच्या अंतराची दोन चित्रं शेजारी ठेवून भलतेच निष्कर्ष निघतात.

प्रशासनाचा गुंता उकलायला सोपा आहे. नगरपालिका नसलेल्या वस्तीवर थेट काउंटीचं राज्य असतं: पाच पर्यवेक्षकांचं मंडळ, शेरीफ, काउंटीचे रस्ते आणि बांधकाम परवाने. आपल्याकडची ग्रामपंचायत इथे शोधू नका. त्याऐवजी एकेका कामाचे वेगळे जिल्हे असतात आणि त्यांच्या सीमा एकमेकांशी जुळत नाहीत. बॉम्बे बीचला पिण्याचं पाणी आणि मैलापाणी कोचेला व्हॅली वॉटर डिस्ट्रिक्टकडे, वीज इम्पीरियल इरिगेशन डिस्ट्रिक्टकडे, शाळा कॅलिपॅट्रियाच्या शालेय जिल्ह्यात. पाणी देणारी संस्था एका खोऱ्याची आणि काउंटी दुसऱ्या खोऱ्याची, हे ऐकून गोंधळू नका. वस्ती दोन खोऱ्यांच्या मध्ये पडते. इथे नगरपालिका का झाली नाही, याचं साधं उत्तर कायद्यात आहे: कॅलिफोर्नियात नवं शहर स्थापायला त्या भागात निदान ५०० नोंदणीकृत मतदार लागतात.

लोकसंख्येचे आकडे जनगणनेच्या ‘सेन्सस डेझिग्नेटेड प्लेस’ या हद्दीचे आहेत: २००० मध्ये ३६६, २०१० मध्ये २९५, २०२० मध्ये २३१. ही हद्द फक्त मोजणीसाठी आखलेली असते, तिला कर लावायचा किंवा नियम करायचा अधिकार नाही, आणि दर दहा वर्षांनी ती बदलू शकते. दोन जनगणनांची तुलना करताना हद्द तीच आहे का ते पाहा. शिवाय जनगणना १ एप्रिलच्या नेहमीच्या वास्तव्यावर मोजते. हिवाळ्यापुरते येणारे त्यात धरले जात नाहीत. त्यामुळे घरं जास्त, माणसं कमी असा मेळ दिसला तर ती चूक नसून वस्तीचा स्वभाव आहे. २०१६ पासून इथे कलावंतांचा बिएनाले, म्हणजे कला महोत्सव, भरतो आणि बाहेरच्यांनी काही घरं घेतली. एवढ्या लहान वस्तीत दहा घरांचे मालक बदलले तरी टक्केवारी उडते, म्हणून टक्क्यांऐवजी मूळ संख्याच द्या.

भूकंपाचं प्रकरण वेगळं ठेवा, पण सोडू नका. सान अँड्रियास या भूकवचातल्या मोठ्या प्रस्तरभंगाचं (भेगेचं) दक्षिण टोक बॉम्बे बीचजवळच संपतं आणि तिथून ब्रॉली भूकंपपट्टा सुरू होतो. मार्च २००९ मध्ये आणि सप्टेंबर २०१६ मध्ये वस्तीजवळ सरोवराखाली लहान भूकंपांची रांग लागली. २००९ मधला मोठा धक्का ४.८ चा होता. वस्ती ओसरण्याचं कारण म्हणून मात्र भूकंप लिहू नका. लोक गेले ते पाण्यामुळे, वासामुळे आणि कामधंदा नसल्यामुळे.

शेवटी उघड्या पडलेल्या तळाबद्दल. वारा सुटला की तिथली बारीक धूळ उडते, म्हणून इरिगेशन डिस्ट्रिक्ट आणि राज्य मिळून काही पट्ट्यांत जमीन आडवी नांगरून खडबडीत करतात. सरींच्या उंचवट्यांमागे वारा मंदावतो आणि उडालेली धूळ सरीत पडते. सरी भरल्या की काम पुन्हा करावं लागतं. बॉम्बे बीचजवळ उलट, पाणी मागे गेल्यावर वरून येणाऱ्या निचऱ्याच्या आणि पाझराच्या पाण्यावर नवी पाणथळ जागा तयार झाली आहे, झुडपं आणि पक्षी आहेत, आणि पक्ष्यांच्या संरक्षणासाठी काम करणारी ऑडुबॉन संस्था ती टिकवायच्या कामात आहे. प्रकल्पासाठी या दोन्ही ठिकाणी फिरायचं किंवा माती उचलायची असेल तर आधी मालकी तपासा. तळाची जमीन सलग एकाची नाही: इरिगेशन डिस्ट्रिक्ट, संघराज्य सरकार, टोरेस-मार्टिनेझ समाज आणि खासगी मालक यांचे चौकोनी तुकडे एकमेकांत मिसळलेले आहेत, कुंपण कुठेच नाही, आणि एका तुकड्याची परवानगी शेजारच्या तुकड्यावर चालत नाही.